काही सुरू करायचं नाही

केनियातल्या एका चर्चमध्ये सेवा करून आम्ही दोघं नवरा-बायको परत आल्यापासून नाशिकच्या शरणपूरच्या ख्रिस्ती मंडळीत, नातेवाइकांत, अगदी भाजीबाजारातसुद्धा आम्हाला एकच प्रश्न विचारला जातो: "मग तिकडे काय सुरू केलंत?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शाळा असते, दवाखाना असतो, निदान बोअरवेल तरी असते. आम्ही काहीच सुरू केलं नाही. तसं ठरवूनच गेलो होतो. आमच्याच वयाची, पेन्शन चालू असलेली, मुलं मार्गी लागलेली दोन-तीन जोडपी सध्या बाहेरदेशी सेवेला जायचा विचार करताहेत आणि संध्याकाळी घरी येऊन बसतात. त्यांना तोंडी जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

मी सरकारी नोकरीतली नर्स. पेठ, सुरगाणा असं फिरून शेवटची वर्षं नाशिकच्या सिव्हिलला काढली. हे नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये मशीनवर होते. साऱ्या देशाचे पासपोर्ट तिथे छापले जातात. यांनी आयुष्यभर इतरांचे पासपोर्ट छापले आणि यांचा स्वतःचा निघाला तो साठी उलटल्यावर. पासपोर्ट घरी आला त्या दिवशी यांनी तो उघडून आधी कागद बोटांनी चाचपला, शिलाई बघितली, मगच स्वतःचं नाव वाचलं.

केनियाच का, असंही लोक विचारतात. शरणपूरच्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं. आज शरणपूर रोडवर शोरूम आहेत, दवाखाने आहेत, कॅनडा कॉर्नरपर्यंत गाड्यांची रांग असते. पण हे गाव वसलं ते १८५४च्या सुमारास, चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेली ख्रिस्ती वस्ती म्हणून. त्याच काळात इंग्रजांचं आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडत होतं. सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली बरीचशी शरणपूरच्या आश्रमात येत. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. आफ्रिकेत फिरलेले प्रसिद्ध मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ मध्ये तिथल्या शेवटच्या प्रवासाला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर नाशिकच्या शाळेतली नऊ मुलं होती. पुढे जेकब वेनराइट त्यांना जाऊन मिळाला, तोही नाशिकचाच विद्यार्थी. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांच्या दफनाची प्रार्थना त्यानंच वाचली, झाडावर नाव त्यानंच कोरलं, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांची शवपेटी नेणाऱ्यांत तो होता. त्याच्याही आधी, १८६४ मध्ये, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर इथून केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासाजवळच्या राबाईला गेले होते. त्या दोघांना १८८५ मध्ये दीक्षा मिळाली. प्राइससाहेब स्वतः नाशिक सोडून मोंबासाला गेले आणि १८७५ मध्ये सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्या वस्तीला दिलं. नाशिकहून पाठवलेली माणसं त्या वस्तीच्या पायाभरणीत आहेत. लहानपणी हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. सेंट अँड्र्यूजच्या अंगणात आम्ही नाताळची नाटकं केली, लग्नं केली, पण इथून मोंबासाला रस्ता जातो हे मला पन्नाशीनंतर कळलं.

आमचा विचार पक्का व्हायला बराच काळ गेला. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदम होकार दिला नाही. त्यांनी दोघांना वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट विचारली: "तिथे गेल्यावर तुमच्यावर साहेब कोण असेल?" यांनी सांगितलं, "तिथले पाळक." पाळकसाहेब म्हणाले, "ते तुमच्या मुलाच्या वयाचे असतील. चालेल?" मग त्यांनी अट घातली. तिकडे जाऊन काहीही नवीन सुरू करायचं नाही. जे चालू आहे त्यात सांगतील तिथे हात लावायचा, आणि परत यायचं तेव्हा आपल्यावाचून काही अडणार नाही असं वागायचं. तरुण मिशनरी दहा-वीस वर्षं राहू शकतो, सुरू केलेलं वाढवू शकतो. साठीनंतरच्या माणसाकडे तेवढी वर्षं नसतात, आणि आपण निघून गेल्यावर मागे राहिलेली इमारत तिथल्या लोकांच्या गळ्यात पडते. त्या वेळी अट मला थोडी कडक वाटली. आता दुसऱ्या कुणाला पाठवताना मी हीच अट घालीन.

मुलाला आमचं जाणं पटलं नव्हतं. मुलगी म्हणाली, नातवंडांना आजी-आजोबा हवेत तेव्हाच तुम्ही निघालात. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. जाणाऱ्या जोडप्यांना मी सांगते, हे दुखणं बरोबर घेऊनच जावं लागतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, तुम्ही आफ्रिकेला निघालात?" आणि प्रवासासाठी डबाभर नाशिकचा चिवडा त्यांनीच बांधून दिला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. केनियात धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वेगळा परवाना लागतो. त्याचा अर्ज बोलावणाऱ्या मंडळीनं तिकडून करायचा असतो. आपल्याकडून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, शिक्षणाचे दाखले, फोटो. सहज म्हणून फिरायला जाण्याची परवानगी काढून तिथे सेवा करू नये. तो मंडळीला अडचणीत आणणारा प्रकार आहे. पोहोचल्यावर परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढावं लागतं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं पिवळं कार्ड जपावं, कारण ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतात. आता ते कार्ड जन्मभर चालतं. मात्र साठीच्या पुढच्यांना या लशीचा त्रास होण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून आपले आजार, चालू औषधं सगळं डॉक्टरांसमोर ठेवून मगच ती घ्यावी. मी नर्स असूनही आम्ही दोघांनी आधी फिजिशियनला दाखवलं, मग मुंबईला जाऊन लस घेतली.

पेन्शनरांना छळणारा प्रश्न म्हणजे नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. परदेशात असलात तर भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याची सही चालते, आणि नैरोबीत आपलं हाय कमिशन असलं तरी मोंबासातही सहायक हाय कमिशनचं कार्यालय आहे. आमचं काम तिथेच झालं. निघण्यापूर्वी बँकेत जाऊन हे बोलून घ्यावं. यांनी सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या होत्या.

पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई, तिथून सहा तासांत नैरोबी, आणि नैरोबीहून रेल्वेनं मोंबासा. या रेल्वेबद्दल एक सांगायला हवं. मोंबासाहून आत जाणारी पहिली रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे ३२,००० मजुरांच्या हातांनी, आणि त्यातले सुमारे २,५०० जण तिथेच मेले. आताची गाडी नवी आहे, २०१७ पासूनची, रूळही नवे. पण खिडकीतून तो कोरडा, तांबड्या मातीचा मुलूख बघताना मला सारखे ते मजूर आठवत होते.

आम्ही राहिलो ते राबाईच्या रस्त्यावरच्या एका गावात, पाळकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत. पाळक जेमतेम पस्तिशीचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला बसवून तीन गोष्टी सांगितल्या. पैसे कुणालाही हातात द्यायचे नाहीत, नाशिकहून काही आलं तर ते मंडळीच्या कमिटीपुढे ठेवायचं. घरभेटीला एकट्यानं जायचं नाही, मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेच्या, बायकांबरोबर जायचं. आणि रविवारच्या लिलावात बोली फार चढवायची नाही.

त्या लिलावाचं तर मला फार अप्रूप वाटलं. आपल्याकडे कापणीच्या सणाला होतो तसाच लिलाव तिथे बहुतेक रविवारी होतो. अर्पणाला नाणी-नोटांबरोबर अंडी येतात, केळ्यांचा घड येतो, पाय बांधलेली कोंबडी येते, आणि ज्याच्याकडे रोख नाही तोही रिकाम्या हातानं वेदीपुढे येत नाही. एका रविवारी एका विधवा बाईनं वर्तमानपत्रात गुंडाळून तीन अंडी आणली होती. उपासनेनंतर बाहेर आंब्याखाली ती अंडी लिलावाला निघाली. पहिल्या माणसानं चांगल्या भावानं घेतली आणि परत टेबलावर ठेवली: पुन्हा विका. दुसऱ्यानं घेतली, पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदा ती एका शाळामास्तरांनी घेतली आणि त्या बाईच्याच नातवाच्या हातात दिली. पैसे बऱ्याच जणांनी मोबाइलवरूनच, एम-पेसानं दिले. ती बाई खाली बघत उभी होती, पण तिचे ओठ हसत होते. यांचा हात खिशाकडे गेला होता. मी पाहिलं आणि पाळकांची सूचना आठवली. आम्ही त्या अंड्यांना मोठी बोली लावली असती, तर पुढच्या रविवारपासून सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या असत्या, आणि त्या मास्तरांना जे करता आलं ते कुणालाच करता आलं नसतं.

आमचे चेहरे हिंदी, म्हणजे भारतीय, आहेत ही गोष्टही मी आधी पुरेशी विचारात घेतली नव्हती. त्या किनाऱ्यावर हिंदी माणूस पिढ्यान्‌पिढ्या आहे, पण तो मुख्यतः दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला किंवा कारखान्याचा मालक म्हणून. बाजारात आम्हाला विचारत, तुमचं दुकान कुठलं? दुकान नाही, आम्ही चर्चमध्ये असतो, म्हटल्यावर लोक पुन्हा एकदा निरखून बघत. गोऱ्या मिशनऱ्याची त्यांना सवय आहे, हिंदी दुकानदाराची सवय आहे, पण आपल्याच बाकावर दाटीवाटीनं बसून आपल्याच पुस्तकातून अडखळत गाणारी हिंदी म्हातारी त्यांनी पाहिली नव्हती. काही जुन्या मंडळींच्या मनात हिंदी मालकांविषयीचे कडू अनुभव होते आणि त्यांनी ते आम्हाला तोंडावर सांगितले. आम्ही ऐकून घेतले. आपल्या लोकांची बाजू मांडायला आम्ही तिथे गेलो नव्हतो.

वेळ मोजायचीही सवय करावी लागली. तिथे घड्याळ उजाडल्यापासून चालतं, सकाळच्या सातला एक वाजला म्हणतात. मदर्स युनियनची बैठक तीन वाजता म्हणजे सकाळी नऊला. सकाळच्या न्याहारीला तुरीचे दाणे नारळाच्या दुधात शिजवून महामरी नावाच्या तळलेल्या पावाबरोबर खातात. आमच्या घरी तुरीवाचून दिवस जात नाही, त्यामुळे जेवणाचा प्रश्न पहिल्या दिवशीच सुटला. चपात्या तर तिथे सणावाराला घरोघरी होतात, आणि त्या लाटायला बसले की बायकांत माझी जागा आपोआप व्हायची.

आता कामाचं.

चर्चच्या आवारात एक कुलूपबंद खोली होती. बाहेर पाटी, परदेशी देणगीदारांची नावं. काही वर्षांपूर्वी आमच्याच वयाच्या एका परदेशी जोडप्यानं तिथे शिवणवर्ग सुरू केला होता. ती दोघं मायाळू होती, असं सगळेच सांगत. ती गेल्यावर शिकवणारीचा पगार कोण देणार हे ठरलं नाही आणि खोलीला कुलूप लागलं. आत पायमशिनी होत्या, वर फडकी टाकलेली, किनाऱ्याच्या खाऱ्या हवेनं गंजलेल्या. चामड्याचे पट्टे कडक होऊन तुटलेले, शटलमध्ये धूळ आणि तेलाची घट्ट खळ. यांना मशीन म्हटलं की राहवत नाही. पाळकांना विचारून, मदर्स युनियनच्या अध्यक्षबाईंकडून किल्ली घेऊन यांनी मंडळीतली दोन मुलं हाताशी धरली. रोज एक मशीन खोलायची. शटल रॉकेलात भिजवायचं, बॉबिनकेसचा स्क्रू घासून मोकळा करायचा, तेलाच्या प्रत्येक भोकात थेंब सोडून चाक हातानं फिरवत राहायचं. सुटे भाग आणि पट्टे मोंबासातल्या एका गुजराती दुकानदाराकडे मिळाले. यांच्या हातचं काम मुलांच्या हाती लवकर गेलं. चौथ्या-पाचव्या मशीनपासून हे नुसते बाजूला स्टुलावर बसत.

मशिनी चालू झाल्या तेव्हा मला आणि यांना दोघांनाही वाटत होतं की आता वर्ग पुन्हा भरवावा. अगदी ओठांवर आलं होतं. पण तो निर्णय आमचा नव्हता. मदर्स युनियनची बैठक झाली, आम्ही मागच्या बाकावर. बायकांनी ठरवलं, वर्ग नको. ज्या घरात बाईला शिवता येतं त्या घरी पाळीपाळीनं मशीन न्यायची, शाळेचे गणवेश शिवायचे, मिळकतीतला ठरलेला भाग दुरुस्तीच्या डब्यात टाकायचा, आणि नवीन मुलीनं शिकायचं तर तिच्या शेजारी बसून. वर्गाला शिक्षिका लागते, पगार लागतो, खोली लागते. यातलं काहीच त्यांच्या बेताला लागत नव्हतं. एक मशीन हातगाडीवर चढवून नेताना मी पाहिली, मागून तीन बायका तिचा पाटा धरून चालत होत्या. आमच्या डोक्यातला वर्ग भरला असता तर त्या मशिनी आम्ही गेल्यावर पुन्हा फडक्याखाली गेल्या असत्या, याबद्दल मला आज शंका नाही.

माझं काम याहून वेगळं निघालं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नसताना परदेशी नर्सनं रुग्णाला हात लावायचा नसतो, आणि ते बरोबरच आहे. इतकी वर्षं सुया टोचलेल्या माणसाला हात बांधून बसणं जड जातं. गावात कम्युनिटी हेल्थ प्रमोटर म्हणून काम करणारी एक बाई होती, तिच्याबरोबर आणि मदर्स युनियनच्या बायकांबरोबर मी घरोघर जायची. बीपी ती बघायची, नोंद ती करायची, मी शेजारी बसायची. लवकरच लक्षात आलं की माझ्या वयाच्या बायका बीपीच्या गोळ्या बंद करून मोकळ्या होतात आणि तिला सांगत मात्र नाहीत. बरं वाटलं की गोळी बंद. नाशिकला तरी वेगळं काय आहे? सिव्हिलच्या ओपीडीत हेच रोज ऐकलं होतं. तरण्या मुलीनं समजावलं की म्हाताऱ्या मान डोलावतात आणि सोडून देतात.

मग मी एक करायला लागले. माझी सकाळची बीपीची गोळी मी घरी घेईनाशी झाले. पहिल्या घरी गेल्यावर पाणी मागायचं, पदराच्या टोकाला बांधलेली गोळी सोडायची आणि त्या बाईसमोर घ्यायची. तिनं विचारलंच, ही कसली? तीच, तुझी आहे ना, तीच. किती वर्षं घेतेस? नोकरीत होते तेव्हापासून. बरं वाटतं तेव्हाही? बरं वाटतं ते हिच्यामुळेच. एवढंच बोलणं व्हायचं, तेही निम्मं खुणांनी, उरलेलं बरोबरच्या बाईनं समजावलेलं. एक आजी आत गेल्या आणि गाडग्यात लपवलेली गोळ्यांची आख्खी पाकिटं आणून त्यांनी प्रमोटरबाईच्या मांडीवर ठेवली. पुढे पुढे आमची वाट बघून काही जणी माझ्याबरोबरच गोळी घ्यायच्या. तिशीतल्या मिशनरी मुलीला हे जमलं नसतं, तिला बीपीच नसतो. म्हातारपण घेऊन गेल्याचा असाही उपयोग असतो हे जाणाऱ्या जोडप्यांना मी मुद्दाम सांगते. आपले आजार लपवू नका, ते तिथे कामाला येतात.

तिथला मोठा पावसाळा, ज्याला 'लांब पाऊस' म्हणतात, तो सुरू झाल्यावर यांना हिवताप झाला. मच्छरदाणी, मलम सगळं करूनही झाला. किनाऱ्यावर तो असतोच, आणि या वयात अंगावर काढायचा नसतो. दवाखान्यातल्या नर्सनं बोटातून रक्त घेऊन तिथल्या तिथे तपासलं आणि गोळ्या सुरू केल्या. ताप चढला की हे बडबडायचे, प्रेसच्या शिफ्टबद्दल, मराठीत. मी एकटी पडेन म्हणून बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. रात्री दोघीजणी यायच्या, एक यांच्या उशाशी बसायची, दुसरी मला बळेच झोपवायची. सकाळी नाचणीची उजी यायची, आपल्या आंबिलीच्या चवीची, किटलीतून, अजून कढत. पाळक रोज संध्याकाळी येऊन खाटेशेजारी गुडघे टेकायचे. प्रार्थना संपली की त्यांना मी चहा विचारायची आणि ते म्हणायचे, आज तुम्ही बसा, मी करतो. आमच्या घरात पाळकांनी चहा केलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांच्या हाताखाली काम करायला आम्ही तयार होतो, पण त्यांच्या हातचं घेणं मला जड गेलं, आणि ते घ्यायलाच हवं होतं.

हे उठून हिंडू-फिरू लागल्यावर पाळकांनीच आम्हाला फ्रिअरटाउनला नेलं. गुलामांच्या व्यापाऱ्यांची चाहूल लागली की वाजवायची ती घंटा अजून तिथे आहे. राबाईचं संग्रहालयही पाहिलं. मोंबासात १९३५ मध्ये वारलेले मॅथ्यू वेलिंग्टन यांच्याविषयी तिथल्या लोकांना आमच्याहून जास्त माहिती होती. लिव्हिंग्स्टन यांचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांपैकी ते होते, आणि तेही नाशिकला शिकलेले.

त्यानंतर एका रविवारी पाळकांनी आम्हाला शरणपूरविषयी बोलायला उभं केलं. यांनी मोबाइलवरचे फोटो टीव्हीच्या पडद्यावर दाखवले, सेंट अँड्र्यूज, समोरचा रस्ता, गोदाकाठ. उपासनेनंतर एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांच्या घराण्यात नाशिकहून आलेला एक पूर्वज होता असं त्यांची आजी सांगायची. त्यांनी मला विचारलं, "ती मुलं तुमच्याकडे होती तेव्हा सुखात होती का?"

मला सांगता आलं नाही. कुणाच्या आईच्या हातातून हिसकावलेली, गलबताच्या तळाशी कोंबलेली, मग परक्या शहरात परकं नाव मिळालेली मुलं. शरणपूरनं त्यांना आसरा दिला, हुन्नर दिला, याचा मला अभिमान आहे. पण रात्री ती कुणाला हाक मारून रडत असतील हे कुठल्या अहवालात असणार? मी त्यांना म्हटलं, बाबा, मला माहीत नाही, पण मी परत जाऊन विचारीन, जुनी कागदपत्रं कुठे असतील ते शोधीन. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

आम्ही निघालो तेव्हा कुठलंच काम आमच्यावाचून थांबलं नाही. मशिनी घरोघर होत्या, दुरुस्ती त्या दोन मुलांच्या हाती होती, प्रमोटरबाईच्या नोंदवहीत माझ्या मैत्रिणींची नावं नियमित येत होती. नाशिकच्या एका दात्यानं आमच्या नावानं विहिरीसाठी पैसे देऊ केले होते. ते आम्ही कमिटीपुढे ठेवले, कमिटीनं विहिरीऐवजी छपरावरच्या पाण्याची टाकी ठरवली, आणि टाकीवर कुणाचंच नाव घालायचं नाही असंही ठरवलं. दात्याला आधी वाईट वाटलं. मी त्यांच्या घरी जाऊन सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी मानलं.

सध्या आमच्याकडे वेगळीच धावपळ आहे. तिथले पाळक आणि मदर्स युनियनच्या अध्यक्षबाई शरणपूर बघायला येणार आहेत, आणि त्या आजोबांचा प्रश्न बरोबर घेऊन येणार आहेत. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतलं काय काय शाबूत आहे ते बघायची परवानगी मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीकडे मागितली आहे. हे रोज सकाळी त्यांच्या व्हिसाच्या अर्जाची विचारपूस करतात. खोली कोणती द्यायची यावरून सून आणि मी अजून बोलतो आहोत. अध्यक्षबाईंना जिना चढायला त्रास होतो, तेव्हा खालचीच द्यावी लागेल.